मदत हवी आहे: ताम्रपटातल्या गावनावांत 'व' की 'ब'?

गोव्यातून एमए इतिहासाचा प्रबंध लिहितोय, विषय दक्षिण कोकणच्या शिलाहार राजघराण्याचे ताम्रपट. रट्टराजाचा खारेपाटण ताम्रपट शक 930 चा, म्हणजे इ.स. 1008. त्या काळच्या नागरीत 'व' आणि 'ब'साठी बहुधा एकच चिन्ह येतं. 'व्राह्मण' दिसलं की ब्राह्मण हे उघड, पण गावनावांना कोशाचा आधार नाही. त्यात पृष्ठमात्रा (अक्षराच्या डोक्यावर न देता त्याच्या डावीकडे उभ्या रेघेने दाखवलेली ए-काराची मात्रा) आधीच्या अक्षराचा काना वाटते.

मूळ पत्रे हाताळता येत नाहीत, छापील ठसेच आहेत. ते मोठे करून अक्षरं शेजारी ठेवून पाहिली. आजच्या गावनावावरून वाचन ठरवलं तर पुरावा गोल फिरतो, म्हणून तो मार्ग नको.

लिप्यंतरात 'व' तसाच ठेवून 'ब' तळटीपेत द्यावा का? आणि कन्नड लिपीत ही अक्षरं वेगळी असतात, तर तीच गावं असलेला समकालीन कन्नड लेख पुरावा म्हणून चालेल का?