मदत हवी आहे: कमी रेटवाल्या नवीन पोरांपुढं लग्नाचा स्टुडिओ टिकवायचा कसा? (अर्जंट)

स्टुडिओवाला_बार्शी
नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून डायरेक्ट सांगतो. आमचा स्टुडिओ वडलांपासूनचा, रोलच्या जमान्यातला. आता गावात ज्याच्या गळ्यात कॅमेरा तो फोटोग्राफर झालाय, हप्त्यावर कॅमेऱ्याची बॉडी घ्यायची, सोबत आलेल्या किट लेन्सवरच काम चालू करायचं, इन्स्टावर पेज काढायचं, नावापुढं फिल्म्स लावायचं आणि पंधरा हजारात हळद, लग्न, रील सगळं देतो म्हणून सांगत सुटायचं. माझी एक पार्टी (लग्नाची ऑर्डर देणारं घर) ठरलेली आहे, इसार पण आलाय, आणि काल मुलीच्या मामांचा फोन की आम्हाला निम्म्यात करणारा मिळालाय, तेवढ्यात करा नाहीतर इसार माघारी द्या. यंदा अधिक ज्येष्ठामुळं 17 मे ते 15 जून तिथीच नाहीत, त्यात हे. रेट पाडू का धरून बसू? परवापर्यंत सांगायचंय. आणि या पोरांना लायसन वगैरे काही लागत नाही का? कुणीही उठून धंदा करायचा का? लवकर सांगा प्लीज.

कराडकर
निम्म्यात म्हणजे किती? तुमचा आकडा काय, किती दिवसांचं काम, किती माणसं, अल्बम किती? आणि पार्टीशी लेखी काही झालंय का नुसतं तोंडी? हे कळल्याशिवाय पाडा का धरा कसं सांगणार.

प्राइम_लेन्स
तुमची बॉडी कुठली आहे ते सांगा आधी. अजून डीएसएलआर (आत आरसा असलेला जुना प्रकार) असेल तर विकून टाका आणि मिररलेस (बिनआरशाचा) घ्या, आय ऑटोफोकसमुळं (डोळ्यांवर आपोआप फोकस) हळदीतली पळापळ सुद्धा शार्प येते. मी सोनी ए7 थ्री वापरतो, 2018 चं मॉडेल आहे पण अजून लग्नाला पुरून उरतं. पार्टीला आधी कॅमेरा दिसतो, मग काम दिसतं.

स्टुडिओवाला_बार्शी
कॅमेऱ्याचा प्रश्नच नाही हो, ए7 फोर आहे माझ्याकडं. कराडकर दादा, साठ हजारात ठरलंय, त्यांना तीसमध्ये मिळतंय.

कराडकर
वर पंधरा लिहिलंय, आता तीस. आणि साठमध्ये काय काय देताय ते अजून सांगितलं नाही.

स्टुडिओवाला_बार्शी
पंधरा हा गावातला चालू रेट आहे, या पोरानं या पार्टीला सगळ्याचे मिळून तीस सांगितलेत. माझं दोन दिवसांचं काम आहे. ट्रॅडिशनल फोटो मी, व्हिडिओ चुलतभाऊ, कॅन्डिड (पोज न देता टिपलेले फोटो) आणि सिनेमॅटिकला (सिनेमासारखा व्हिडिओ) सोलापूरची दोन पोरं, ती सात-सात हजार दिवसाला घेतात. ड्रोन पाच. बारा-छत्तीस इंची दोन अल्बम, लॅबचे चौदा जातात. मिक्सिंग (व्हिडिओचं एडिटिंग) बाहेर, सहा हजार. लेखी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं आहे. लग्न जूनच्या शेवटच्या आठवड्यात, अधिक संपल्यावर.

रोलचे_दिवस
आमच्या वेळी 120 च्या रोलवर यशिका कॅमेऱ्यात बारा फोटो यायचे. अक्षता पडताना एक, हार घालताना एक, सप्तपदीला एक, असं मनात मोजून बटण दाबायचं, कारण रोल बदलेपर्यंत मंगलाष्टका संपलेल्या असायच्या. आज पोरं एका लग्नात तीन हजार क्लिक मारतात आणि त्यात नवरीच्या आजीचा एक धड फोटो नसतो. याला फोटोग्राफी म्हणायचं का? ज्याला प्रकाश वाचता येत नाही त्यानं लोकांच्या लग्नाला हात लावू नये, माझं ठाम मत आहे. तुम्ही रेट अजिबात पाडू नका, एकदा पाडला की परत वर जात नाही.

वीकेंड_क्लिक
काका, तुमच्या कामाचा आदर आहे पण हे पटलं नाही. मी पुण्यात आयटीत आहे आणि शनिवार-रविवार लग्नं करतो, म्हणजे लोक ज्यांना हौशी म्हणतात त्यातलाच. या क्षेत्रात माणसं हौसेतूनच आलीत. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा तिथं सरकारी अधिकारी, डॉक्टर अशी मंडळी होती, भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी डॉक्टर होते आणि फोटोही काढायचे. राजा दीनदयाळ इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता कॅमेऱ्याकडं वळले आणि पुढं निजामाचे फोटोग्राफर झाले. नवीन माणूस आला म्हणून धंदा बुडत नाही.

रोलचे_दिवस
दीनदयाळांशी तुलना नका करू. ते नोकरी सोडून पूर्णवेळ या कामात उतरले. तुम्हाला महिन्याचा पगार येतो, म्हणून तुम्हाला दहा हजारातही परवडतं. ज्याचं घर, दुकानभाडं आणि हेल्परचा पगार यावरच आहे त्याच्या ताटातलं तुम्ही घेताय.

वीकेंड_क्लिक
मी दहा हजारात करत नाही, दिवसाचे अठरा घेतो. कमी रेटवाल्यांचा त्रास आम्हालाही तेवढाच आहे.

वकिलीण_बाई
लायसनचं आधी सांगते, विचारलंय आणि कुणी उत्तर दिलेलं नाही. फोटोग्राफीला वेगळं लायसन नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा 2017 नुसार, 2025 च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीसुद्धा नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. जीएसटी सेवांना वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपुढं. म्हणजे त्या मुलाला कायद्यानं अडवता येणार नाही, त्यात वेळ घालवू नका. इसाराचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा, तारीख धरल्यामुळं तुम्ही दुसरी ऑर्डर सोडली असेल तर तोही मेसेज ठेवा.

फोटो_संघटना_हवी
एकच उपाय, तालुक्यातले सगळे फोटोग्राफर एकत्र या, कमीत कमी रेट ठरवा, बोर्ड छापून प्रत्येक स्टुडिओत लावा, आणि जो त्याखाली काम करेल त्याला अल्बम लॅबनं प्रिंट देऊ नये, मिक्सिंगवाल्यानं काम घेऊ नये. आमच्याकडं असं ठरल्यावर महिनाभरात सगळे सरळ आले.

वकिलीण_बाई
असं करू नका आणि लेखी तर अजिबात करू नका. धंद्यातल्या लोकांनी मिळून किंमत ठरवणं आणि माल-सेवा अडवणं हे स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 मध्ये बसतं. एखाद्यानं तक्रार केली तर संघटनाच अडचणीत येईल.

फोटो_संघटना_हवी
ताई, रिक्षाचं भाडं ठरतं, सलूनवाल्यांचे बोर्ड असतात, मग आम्हीच का मरायचं?

वकिलीण_बाई
रिक्षाचं भाडं सरकार ठरवतं. संघटना काढा, जरूर काढा. प्रशिक्षण, विमा, कॅमेरा बंद पडला तर एकमेकांना बॉडी देणं, याला कुणाची ना नाही. फक्त रेट बांधू नका आणि कुणाची लॅब तोडू नका.

साताऱ्याची_माहेरवाशीण
मी फोटोग्राफर नाही, पण माझं लग्न दीड वर्षापूर्वी झालं, पार्टीच्या बाजूनं बोलते. आम्ही घरच्या ओळखीचा जुना स्टुडिओ घेतला होता, पैसे भरपूर दिले. अंतरपाट दूर झाला त्या क्षणी दोन व्हिडिओवाले आणि एक फोटोवाला आमच्या आणि लोकांच्या मध्ये उभे होते, माझ्या आईला मी दिसले नाही. हार परत घाला, परत घाला असं तीन वेळा करायला लावलं. अल्बम आठ महिन्यांनी मिळाला. नणंदेच्या लग्नात कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीनं फोटो काढले, ती कुठं उभी आहे ते कळलंच नाही आणि दहा दिवसांत फोटो हातात. फक्त नंतर ज्या फोल्डरमध्ये हळदीचे फोटो होते तो तिच्याकडून उडाला आणि दुसरी कॉपीच नव्हती, हळद गेली ती गेलीच. तेव्हा दोन्ही बाजूंनी विचार करा. मला जर कुणी आधी सांगितलं असतं की आम्ही स्टेजच्या खाली उभे राहू, अमुक तारखेला अल्बम देऊ आणि फोटो तीन ठिकाणी ठेवू, तर मी जास्त पैसे आनंदानं दिले असते.

प्राइम_लेन्स
ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. फोटो उडण्याचं कारण बऱ्याचदा मेमरी कार्ड असतं. कॅनन 1500 डी सारख्या सुरुवातीच्या बॉडीत कार्डाचा एकच स्लॉट असतो, कार्ड गेलं की सगळं गेलं. ए7 फोरला दोन स्लॉट आहेत, दोन्हीवर एकाच वेळी लिहायला लावा आणि हे पार्टीला दाखवा, कार्ड काढून हातात देऊन दाखवा. अजून एक, आता सगळीकडं स्टेजमागं एलईडी वॉल असते, नवीन पोरं सायलेंट शटरवर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) मारतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात. पार्टीला असा फोटो शेजारी ठेवून दाखवलात तर दोन मिनिटांत फरक कळतो.


 

 

कराडकर
 बार्शीवाले दादा, तुमचा हिशोब मी मांडला, आता शांतपणे वाचा. सोलापूरची दोन पोरं दोन दिवस म्हणजे 28 हजार. अल्बम 14, ड्रोन 5, मिक्सिंग 6. झाले 53. साठमधून उरले सात हजार, त्यात तुम्ही, भाऊ, दोन दिवस उभं राहणं, फोटो निवडणं, पेट्रोल आणि कॅमेऱ्याची झीज. म्हणजे आत्ताही तुम्ही हमालीच करताय. तीसला केलंत तर 23 हजार घरातून घालाल. तो पोरगा तीसमध्ये करू शकतो कारण त्याचा बाहेरचा खर्च नाही, सगळं तोच आणि त्याचे मित्र करतात.

आता पार्टीला चाळीसचं पॅकेज सांगा. कॅन्डिड आणि सिनेमॅटिक फक्त लग्नाच्या दिवशी, 14. अल्बम एक, 7. ड्रोन नाही. मिक्सिंग 6. खर्च 27, तुम्हाला उरतात 13. साठपेक्षा चाळीसमध्ये जास्त मिळतायत. हळदीला तुम्ही आणि भाऊच करा, हळदीत जवळचा माणूस असलेला बरा असतो. ड्रोन आणि दुसरा अल्बम हवा असेल तर वेगळा दर लावा.

स्टुडिओवाला_बार्शी
खरं सांगतो, असा हिशोब कुणी मांडून दाखवला नव्हता. पण दादा, ड्रोन काढला तर मामा ऐकायचे नाहीत, त्या पोराच्या तीसमध्ये ड्रोन आहे.

फोटो_संघटना_हवी
मग त्या पोराला विचारा ड्रोन कुणाचा. 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर ड्रोन नियम 2021 प्रमाणं रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतं. आमच्या भागात लग्नातून उचलून नेलेत पोलिसांनी.

वीकेंड_क्लिक
249 ग्रॅमचा असेल तर सर्टिफिकेट लागत नाही, बरीच पोरं तोच वापरतात. पण रेड झोनमध्ये (ड्रोनबंदीचा भाग) तोही परवानगीशिवाय चालत नाही, सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर नकाशा बघून घ्या. मला एक सांगा बार्शीवाले, तो मुलगा नक्की कोण? तुम्ही त्याच्याबद्दल बोलताना फार मनाला लागलेलं दिसतंय.

स्टुडिओवाला_बार्शी
माझ्याकडंच होता. दोन सीझन लाइट धरला, मग मी कॅमेरा हातात दिला, फोकस शिकवला, वडलांच्या पाया पडून गेला. आता त्याच्या पेजवर निम्मे फोटो माझ्या ऑर्डरचे आहेत, खाली त्याचं नाव. मामांनी तेच फोटो बघून त्याला विचारलं. वाईट याचं वाटतं. ते फोटो काढायला लावू शकतो का?

रोलचे_दिवस
हे आधी सांगायचं ना. सरळ त्याच्या घरी जाऊन वडलांसमोर बोला.

वकिलीण_बाई
यात गुंता आहे, नीट बघा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17(ब): पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा, म्हणजे पार्टी. लग्नाचा व्हिडिओही त्यातच येतो. तुमची लेखी बोली नाही, त्यामुळं ते फोटो ना तुमचे ना त्याचे, त्या जोडप्यांचे. आणि कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे ज्यानं तो काढला तो. जे फोटो त्यानं तुमच्या ऑर्डरवर स्वतः क्लिक केलेत तिथं ‘हे मी काढले’ म्हणायला तो मोकळा आहे. जे तुम्ही काढलेत आणि त्यानं नाव लावलंय, तिथं कलम 57 प्रमाणं तुमचं नाव लावायला तुम्ही सांगू शकता. आधी मूळ फाइली काढा, कुठल्या बॉडीतून कुठला फोटो निघाला ते त्यात लिहिलेलं असतं. मग त्याला मेसेज करा. ऐकलं नाही तर जोडप्याकडून इन्स्टावर तक्रार करून घ्या, मालक ते आहेत.

वीकेंड_क्लिक
आणि भेटलात तर त्याच्याशी नीट बोला दादा. तीसमध्ये तोही वर्षभरापलीकडं टिकणार नाही, बॉडी बिघडली की कळेल. कॅन्डिडला सोलापूरहून पोरं आणता, त्यापेक्षा दिवसाचे पाच त्याला द्या. गावातलाच आहे, तुमच्या हाताखालचा आहे.

स्टुडिओवाला_बार्शी
ते सध्या जमणार नाही. मन होत नाही.

स्टुडिओवाला_बार्शी
अपडेट देतो. मामा आणि मुलीचे वडील दोघं स्टुडिओत आले होते. दोन कार्डांचं दाखवलं, एलईडी वॉलचे पट्टे आलेला एक फोटो दाखवला, साताऱ्याच्या ताईंनी लिहिलेलं जवळजवळ तसंच बोललो की अंतरपाटाच्या वेळी स्टेजवर आमचा एकही माणूस नसेल. अल्बमची तारीख दिली. ड्रोनवर मामा अडले पण मुलीचे वडील म्हणाले नको, आमच्या लॉन्सवर तारा आहेत. बेचाळीसला ठरलं. आता त्यांनी लेखी मागितलंय. वकिलीण ताई, फोटोच्या मालकीचं वाक्य कसं लिहू? माझ्या पेजवर टाकायचा हक्क मला पाहिजे.

वकिलीण_बाई
साधं लिहा: ‘या कामातील फोटो व व्हिडिओचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील, ग्राहकाला ते घरगुती वापरासाठी, छापण्यासाठी व समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी कायम वापरता येतील, स्टुडिओ आपल्या कामाचा नमुना म्हणून ग्राहकाने मान्य केलेले फोटो दाखवू शकेल.’ मान्य केलेले हा शब्द काढू नका, मुलींचे फोटो असतात. बिल ज्याच्या नावानं त्याची सही घ्या, मामांची चालणार नाही. आणि सोलापूरच्या दोघांकडूनही वेगळ्या कागदावर लिहून घ्या की या ऑर्डरचे फोटो तुम्हाला विचारल्याशिवाय ते आपल्या पेजवर टाकणार नाहीत.