पिकअपचा जुना मॉड्यूल (गाडीतला कंट्रोल कॉम्प्युटर) काढायच्या आधी त्यातला डेटा वाचून घे
भावा, तू पिकअपचा बीसीएम, म्हणजे लाइट-लॉक असली बॉडीची कामं सांभाळणारा मॉड्यूल, बदलायचं विचारलंयस. त्यावर कुणीतरी म्हणलंय की भंगारातला बीसीएम आणून नुसता जोडला की पिकअप चालू होते, तसं नसतंय बघ. त्यात ज्या गाडीतनं काढलाय तिचा व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) आणि फीचर्सचं कोडिंग बसलेलं असतंय, इमोबिलायझरशी (चावी ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेशी) जुळलं नाही तर स्टार्टर फिरला तरी इंजिन पकडत नाही. म्हणून तुझा मूळ मॉड्यूल वाचता येतोय तोवरच त्याचा डेटा सेव्ह करून ठेव, हे सगळ्यात महत्त्वाचं. डिझेलचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा मॉड्यूल, बदलला तर बहुतेक गाड्यांत इंजेक्टरचे (डिझेल फवारणाऱ्या नोजलचे) कोडपण परत भरायला लागतात. फ्लॅश करताना, म्हणजे मॉड्यूलमध्ये सॉफ्टवेअर भरताना, व्होल्टेज स्थिर पाहिजे, मधेच पडलं तर मॉड्यूल कायमचा जाऊ शकतो, त्यामुळं साधा चार्जर नको, व्होल्टेज स्थिर धरणारा बॅटरी सपोर्टच लाव. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियन भरपूर हायत, पण जे२५३४ डिव्हाइस (कॉम्प्युटर गाडीला जोडून मॉड्यूल प्रोग्राम करायचं यंत्र) आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे का ते आधी विचार, मग गाडी उघडायला दे.