'मुरलेली वाइन' चालेल का?

अनुवादवाट: स्पेनच्या रिओखातल्या एका जुन्या रेड वाइनच्या चवीचं टिपण मराठीत करते आहे. आरो गावात १८७७ साली सुरू झालेल्या लोपेझ दे एरेदियाची 'विन्या तोंदोन्या', ग्रान रेसेर्वा. मी 'मुरलेली वाइन' लिहिलं. संपादकांनी खोडून 'परिपक्व' केलं आणि शेजारी शेरा मारला, 'मुरतं ते लोणचं.' रिओखात ग्रान रेसेर्वा म्हणवून घ्यायला किमान ५ वर्षं लागतात, त्यांतली निदान २ ओकच्या पिंपात, आणि ही मंडळी तर त्याहून कितीतरी जास्त थांबतात. इतक्या वर्षांत तिच्यात जे होतं, ते 'परिपक्व'मध्ये मला दिसतच नाही.

शुद्धलेखक: संपादकांचं बरोबर आहे. मुरणं म्हणजे एक वस्तू दुसरीत जिरणं. पाणी जमिनीत मुरतं, मीठ कैरीत मुरतं. वाइन कशात मुरणार? आणि 'वाइन' तरी का? 'द्राक्षासव' हा आपला शब्द आहे.

वैद्यशाखा: द्राक्षासव नको हो. आसव-अरिष्टं ही औषधं; त्यांत गूळ किंवा साखर पडते, धायटीची फुलं पडतात. वाइन म्हणजे नुसता द्राक्षाचा रस आंबवलेला. वाचकाला काढ्याची बाटली आठवेल. मुरण्याचं म्हणाल, तर ओक मुरतो ना वाइनमध्ये! अमेरिकन ओकचा व्हॅनिलासारखा, सुक्या खोबऱ्यासारखा वास लाकडातूनच उतरतो.

शुद्धलेखक: मग 'ओक मुरलेली वाइन' म्हणा. नुसतं 'मुरलेली' अर्धवट राहतं.

कोकणवासी: 'मुरलेला राजकारणी' कशात मुरलेला असतो, ते कोणी विचारत नाही. मराठी माणूस हा शब्द असाच वापरतो, मग वाइनलाच का अडवायचं? बाकी ताईंनी 'पिंप' लिहिलं, ते वाचून बरं वाटलं. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'पिपा'वरून आला. आमच्या आजीकडे पावसाळ्याचं पाणी पिपातच साठवायचे, 'बॅरल' कोणी म्हणत नसे.

माद्रिदहून: स्पॅनिशमध्येही 'पीपा' आहे, पण रिओखातल्या २२५ लिटरच्या पिंपाला 'बार्रिका' म्हणतात. मूळ प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. इथे या मुरवण्याला 'क्रियान्सा' म्हणतात. 'क्रियार' म्हणजे लहानाचं मोठं करणं. मूल, वासरू, वाइन, तिघांना एकच क्रियापद. मी आरोची ती तळघरं पाहिली आहेत. वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, गाळ मागे ठेवतात, अंड्याच्या पांढऱ्या बलकाने निवळतात. मुरणं आपोआप होतं. इथे माणसं तिच्या मागे असतात. मी 'पोसलेली' म्हणेन.

अनुवादवाट: 'पोसलेली' सुंदर आहे, पण बाटलीवरच्या टिपणात गाईम्हशींचं वाटेल की काय, अशी भीती वाटते.

नाशिककर: आमच्याकडे वाइनरीतले कामगार सर्रास बॅरलच म्हणतात, हे कोकणवासींनी लक्षात घ्यावं. मला वेगळंच सांगायचं आहे. या वाइनचं मुख्य द्राक्ष टेम्प्रानीयो. 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर, कारण ते लवकर पिकतं. भातात आपण हळवं आणि गरवं म्हणतो, तसं हे हळवं द्राक्ष. आपला शब्द असताना 'लवकर पक्व होणारे वाण' कशाला लिहायचं?

कोकणवासी: हळवं! वा. पण शहरातला वाचक भावनेने हळवं समजेल.

नाशिककर: समजू दे. एकदा समजावून सांगा, दुसऱ्यांदा तोच वापरेल.

अनुवादवाट: रंगाचं बोलू का? टिपणात 'तेखा' आहे, म्हणजे छपराचं कौल. जुनी वाइन पेल्यात कडेला जांभळी-लाल न राहता कौलाच्या रंगाकडे जाते. मी 'विटकरी' लिहिलं आहे.

कोकणवासी: विटकरी म्हणजे वीट, कौल नव्हे! मंगलोरी कौलांत नारिंगी झाक असते. 'कौलारी' लिहा.

शुद्धलेखक: 'कौलारू' घर असतं. 'कौलारी' रंग कुठल्या कोशात आहे?

कोकणवासी: कोश माणसांच्या मागून येतो, दादा.

वैद्यशाखा: रंग उतरतो, तसा तुरटपणाही. तो ज्यामुळे येतो त्या टॅनिनचे कण रंगद्रव्याशी जोडले जाऊन मोठे होतात आणि बाटलीच्या तळाशी बसतात. त्याला मात्र 'गाळ' म्हणू नका. गाळ विहिरीत असतो. हा 'साका'.

माद्रिदहून: पिंपातल्याला गाळ, बाटलीतल्याला साका, असं करता येईल. दोन्ही वेगळेच आहेत. पिंपात मुख्यतः मेलेलं यीस्ट असतं.

शुद्धलेखक: 'यीस्ट'ला 'किण्व' आहे.

नाशिककर: किण्व म्हटलं तर आमच्या टाकीजवळ उभा असलेला माणूस मान वर करणार नाही.

अनुवादवाट: साका घेते, आभार. बाटली उभी ठेवून वरची निवळ हलक्या हाताने ओतून घ्यायची, या क्रियेला 'निथळणे' चालेल का? की त्यात भांडी निथळतात?