परसातला पातेरा जाळावा, कुजवावा की झाडांच्या बुंध्याशी पसरावा?

परसू_कुडाळ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कुडाळजवळच्या आमच्या घराभोवती आठेक गुंठ्यांचे परस आहे. त्यात दोन मोठे आंबे, एक फणस, गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून काजू आणि मागच्या अंगाला सात-आठ माड आहेत. विहिरीपाशी भाजीचे वाफे आहेत आणि खुराड्यात थोड्या गावठी कोंबड्या आहेत. पौषापासून चैत्रापर्यंत जो पातेरा (वाळलेला पालापाचोळा) पडतो, तो सकाळी खराट्याने एका कोपऱ्यात लोटायचा आणि संध्याकाळी पेटवून द्यायचा, ही आमच्या घरची जुनी रीत आहे. पूर्वी तरवा (भाताची रोपे करायची जागा) भाजायला पातेरा कमी पडत असे. आता आम्ही भात करत नाही, त्यामुळे तो निव्वळ कचरा म्हणून जळतो आणि त्याच अंगणात मे महिन्यात विकतच्या शेणखताचा टेम्पो रिकामा होतो. हे मला मनापासून खटकते.

अडचणी अशा की, आंब्याची आणि फणसाची पाने चामड्यासारखी चिवट असून पावसाळा उलटला तरी कोपऱ्यात जशीच्या तशी दिसतात. गोठा नसल्यामुळे घरचे शेण नाही. शेजारचे काका सांगतात की पातेरा साठवला की वाळवी लागते, फुरशी येतात आणि माडांना गेंड्या भुंग्याचा त्रास होतो. उन्हाळ्यात विहिरीचे पाणीही जपून वापरावे लागते. या परिस्थितीत नेमके काय करावे, ते अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावे.

माडाचे_आळे

ताई, सगळा पातेरा एकाच कामाला लावायचा आग्रह धरू नका, म्हणजे निम्मी अडचण सुटेल. जाळल्यावर जी राख उरते तिच्यात पालाश (पोटॅश) आणि चुना राहतो हे खरे असले, तरी पानांतला नत्र (नायट्रोजन) आणि सगळा सेंद्रिय कर्ब (कार्बन) धुरावाटे निघून जातो. आपल्या जांभ्या मातीला उणीव आहे ती नेमकी या सेंद्रिय कर्बाची, कारण त्याच्याशिवाय ती पाणी धरून ठेवत नाही आणि मृगाच्या सरींबरोबर वरची सुपीक माती वाहून जाते. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली देशभर बंदी घातली असून साध्या प्रकरणातही ५,००० रुपये दंडाची तरतूद त्या आदेशात आहे.

माघ-फाल्गुनात जो पातेरा पडतो तो मी थेट माडांच्या आणि आंब्याच्या आळ्यांत पसरतो. थर वीतभर जाड असावा, कारण आठवड्याभरात तो दबून निम्मा होतो. मात्र बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवी खोडावर चढू लागली तर तिची मातीची रेघ लगेच नजरेस पडते. वाळवी वाळलेल्या पानांवर आणि काटक्यांवर जगते, मोठ्या निरोगी झाडाला तिच्यापासून फारसे भय नसते. पण या वर्षी लावलेल्या कलमांच्या आणि रोपांच्या आळ्यांत सुका पातेरा घालणे मी टाळतो. चैत्रात हा थर हाताने उचलून पाहा. वरची पाने कडकडीत वाळलेली असतात, पण खालची एकमेकांना चिकटून काळपट झालेली दिसतात, त्यांच्यामधून पांढऱ्या बुरशीचे तंतू गेलेले असतात आणि माती ओलसर लागते. विहिरीचे पाणी वाचते ते इथे. पानांचा चिवटपणा आळ्यात दोष ठरत नाही, कारण लवकर न कुजणारे पान उन्हाळाभर सावली धरते.

भाजीच्या वाफ्यात मात्र कच्चा पातेरा मातीत मिसळू नका. तो कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि वांगी-मिरच्या पिवळ्या पडतात. वरून पातळ पसरण्यास हरकत नाही. हळद आणि आले लावल्यावर तर तो अवश्य पसरावा, म्हणजे पावसाच्या माऱ्याने गड्डे उघडे पडत नाहीत.

नाडेप_पुणे

मी देशावरचा आहे, त्यामुळे कोकणच्या पावसाबद्दल माझ्यापेक्षा इतरांना अधिक कळेल. पण गोठा नसलेल्या घरासाठी नाडेप पद्धत विचारात घ्यावी असे मला वाटते. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती बसवली, ती थोड्या शेणात पुष्कळ खत व्हावे या हेतूनेच. जमिनीवर दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधतात, भिंतींत हवेसाठी भोके ठेवतात आणि पालापाचोळा, शेणकाला व माती यांचे थर देऊन वरून लिंपतात. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. परसासाठी याहून लहान टाके चालेल, फक्त लांबी, रुंदी आणि उंची तीन फुटांपेक्षा कमी नसावी, कारण लहान ढिगात उष्णता टिकत नाही. तुमच्याकडे चिरे सहज मिळत असतील तर गिलावा न करता, फटी ठेवून ते रचले तरी काम भागेल.

खुराडेवाली

ताई, तुमच्या प्रश्नात कोंबड्यांचा उल्लेख वाचला आणि वाटले की उत्तर तिथेच आहे. वाळलेल्या पानांत नत्राच्या एका भागामागे कर्बाचे ४० ते ८० भाग असतात, तर चांगले कुजण्यासाठी हे प्रमाण २५-३० च्या आसपास असावे लागते. म्हणूनच नुसता पातेरा कोपऱ्यात वर्षभर पडून राहतो. कोंबडीच्या विष्ठेत भरपूर नत्र असते. खुराड्याच्या जमिनीवर कोरडा पातेरा चांगला जाड पसरा आणि रोज सकाळी त्यावर मूठभर तांदळाची कणी फेका. कणी शोधताना कोंबड्या तो उकरून उकरून बारीक करतात, फणसाचे पान शिरेपर्यंत फाटते आणि त्यात विष्ठा आपोआप मिसळली जाते, त्यामुळे पाने कोयत्याने तोडत बसण्याचे कष्ट पडत नाहीत.

एक काळजी मात्र काटेकोरपणे घ्यावी. पातेरा ओला होता कामा नये, कारण ओल राहिली की अमोनियाचा वास सुटतो आणि पिलांना रक्ती हगवण लागते. नाकाला वास झोंबला की वरून कोरडी पाने घालावीत, आणि ओला झालेला भाग काढून थेट खताच्या ढिगावर टाकावा. पावसाळ्यासाठी आठ-दहा पोती पातेरा पडवीत भरून ठेवला तर श्रावणात त्याची किंमत कळते.

परसू_कुडाळ

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आळ्यांत पसरणे आणि खुराड्यात वापरणे या दोन्ही गोष्टी लगेच सुरू करता येतील. आता शंका ढिगाबद्दलच उरते. तो शिमग्याच्या सुमारास घालावा की पाऊस सुरू झाल्यावर? आणि गेंड्या भुंग्याचे काय करावे?

माडाचे_आळे

शिमग्याला घातलेल्या ढिगाला आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे लागेल आणि तेवढे पाणी तुमच्या विहिरीत नाही, म्हणून माझे मत पावसाच्या बाजूचे आहे. सुका पातेरा पोत्यांत किंवा पत्र्याखाली ठेवा आणि जूनमध्ये टाकळा वर आला की तो फुलावर येण्याआधी कापून एक थर पातेऱ्याचा, एक टाकळ्याचा, मध्ये खुराड्यातला विष्ठा मिसळलेला पातेरा असे रचा. गडग्याला गिरिपुष्पाचे खुंट लावलेत तर पुढच्या वर्षांपासून हिरव्या पाल्याची चिंता मिटेल. खड्डा करू नका. आपल्याकडे त्यात पाणी साचून आंबूस घाण वास येतो. ढीग जमिनीवरच उंचवट्यावर घालून वर झावळ्यांचे छप्पर करा. मूठभर मिश्रण दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब गळला तर ओल योग्य आहे. दिवाळीच्या सुमारास हे खत हिवाळी भाजीच्या वाफ्यांना मिळते.

भुंग्याबद्दल काका सांगतात ते निराधार नाही. माडाची नवी झावळी उलगडताना कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली तर ते त्याचेच काम असते, आणि त्याची मादी कुजलेल्या शेणात व पालापाचोळ्यातच अंडी घालते. तरीही त्यासाठी ढीग सोडून देण्याची गरज नाही, तो हलवत राहण्याची आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी दाताळ्याने ढीग उलटावा आणि त्या वेळी कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात. तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या त्या एकही शिल्लक ठेवत नाहीत. ढिगावर मासेमारीचे जुने बारीक जाळे अंथरले तर आत-बाहेर करणारे भुंगे त्यात अडकतात. अळ्या फार दिसल्या तर मेटारायझियम बुरशीची पावडर पाण्यात कालवून ढिगात शिंपडावी. ती या अळ्यांना रोग आणते आणि गांडुळांना बाधत नाही. तयार झालेले खत परसात पडू देऊ नये, कारण मादीला थंड झालेला, मुरलेला ढीगच अधिक आवडतो.

खुराडेवाली

फुरशाबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून सांगते. ढीग घराच्या भिंतीपासून आणि पायवाटेपासून दूर असावा, चिऱ्यांच्या रचनेत हात घालू नये आणि पातेरा आधी लांब दांड्याच्या दाताळ्याने हलवून मगच पाटीत भरावा. गमबूट घातल्याशिवाय ढिगाशी जाऊ नये, लहान मुलांना तर मुळीच पाठवू नये. काजूच्या बाजूला गडग्यालगत चार-पाच फुटांचा पट्टा मात्र पूर्ण झाडून स्वच्छ ठेवा, कारण फाल्गुन-चैत्रात शेजारच्या माळावर वणवा लागला तर आळ्यांत पसरलेला हाच पातेरा आग घरापर्यंत आणू शकतो.