गवतातल्या हिवाळी पाहुण्यांसाठी जंगल जाळावं का?

तृणा
गर्द सावली म्हणजेच चांगलं जंगल, हा समज मला फार खुपतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातलं लाँगलीफ पाइनचं जंगल बघा. वर झाडं विरळ, खाली गवत. एके काळी सुमारे 9 कोटी एकर होतं, आज त्याचा अगदी थोडा भाग उरलाय. उत्तरेकडच्या कुरणांत वीण उरकून हेन्स्लोची चिमणी हिवाळ्यात इथे उतरते. दर दोन-तीन वर्षांनी आग फिरली नाही तर झुडपं माजतात आणि ती दिसेनाशी होते. माझ्या मते इथे नियंत्रित जाळणी व्हायलाच हवी.

हेमांगी
मुळीच पटत नाही. गवतातले कोष, अंडी, सरडे, कासवं यांचं काय? शिवाय याच चिमणीला विणीच्या वेळी वर्षानुवर्षं न जळलेलं, खाली वाळकं गवत साचलेलं दाट कुरण लागतं. हिवाळ्यात तिची आवड एकदम उलटी कशी होईल?

तृणा
होते! विणीला घरटं लपवायचं असतं, हिवाळ्यात पोट भरायचं असतं. आगीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती सर्वांत जास्त सापडते, पुढे दरवर्षी कमी. जळल्यावर गवत भरभरून फुलतं, बी खाली झडतं आणि ठोंबांमधली जमीन मोकळी असते. मी पाहिलंय, ती तिथे उंदरासारखी पळते. अगदी पायाशी गेल्याशिवाय उडत नाही, उडाली तरी जरा पुढे जाऊन पुन्हा गवतात घुसते. काडीकचरा साचला की बी त्याखाली गाडलं जातं. वायरग्रास हे इथलं बारीक पात्यांचं गवत तर वाढीच्या हंगामात जळल्याशिवाय फारसं फुलतच नाही.

प्रसन्न
पण विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्यांतही ती हिवाळा काढते ना? झाडतोडीनंतर दोन-चार वर्षं गवतच असतं. मग धुराचा त्रास लोकांनी का सोसायचा?

तृणा
नवी लागवड दाटली की गवत संपलं. तारांखालचे पट्टे उपयोगाचे आहेत, पण अरुंद. त्यांच्या भरवशावर अख्खी जात सोडायची माझी तयारी नाही. हेमांगी, तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. एका वर्षी तिसरा हिस्साच जाळावा, म्हणजे शेजारी आसरा राहतो.

हेमांगी
तिसरा हिस्सा ठीक. पण पेटवता कधी, ते आधी सांगा. बरीच जाळणी ऐन हिवाळ्यात होते, म्हणजे चिमणी खात असलेलं बी आणि तिचा आडोसा एकदमच जातो. ते थांबणार असेल तरच माझा होकार.