शिकागोला जाताना : तिकीट काढायचे की चटई न्यायची?

नाना: आमचे शिकागोला जाणे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ठरले आहे. छोटूला लोलापालूझा या रॉक-पॉप महोत्सवाचे चारही दिवसांचे तिकीट हवे आहे. मला त्या गर्दीत रस नाही. मात्र तेथे उन्हाळ्यात बागेत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत फुकट ऐकायला मिळते, असे ऐकून आहे. ताई, मागे बसून नीट ऐकू येते का, ते कळव. मांडवात मागे बसले की मंचावरचा आवाज आणि स्पीकरचा आवाज मागेपुढे कानावर पडतात, हा माझा रमणबागेतल्या सवाईपासूनचा अनुभव आहे.

ताई: नाना, तुम्ही म्हणता तो ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल. तो 1935 पासून चालू आहे आणि 2004 पासून मिलेनियम पार्कमधल्या प्रित्झकर पॅव्हिलियनमध्ये भरतो. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहुतेक बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम असतो. पुढे सुमारे चार हजार खुर्च्या आहेत आणि त्यांच्या मागे सात हजार माणसे मावतील एवढी हिरवळ आहे. पुढच्या काही खुर्च्या सोडल्या, तर कुठेही पैसे पडत नाहीत.

तुमच्या शंकेचे उत्तर डोक्यावरच आहे. पॅव्हिलियनचे वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांनी हिरवळीवर पोलादी नळ्यांची मोठी जाळी उभारून तिच्यावर स्पीकर टांगले आहेत, त्यामुळे मध्ये एकही खांब आड येत नाही. मागच्या स्पीकरमधला आवाज मंचावरच्या आवाजाशी जुळावा म्हणून किंचित उशिराने सोडला जातो आणि व्हायोलिन समोरूनच वाजते आहे असे वाटते. दुपारच्या तालमीही तेथे बसून ऐकता येतात. मला तर त्या कार्यक्रमाहून अधिक आवडतात, कारण वाद्यवृंद मध्येच थांबवून संचालक एकच ओळ पुन्हा वाजवून घेतात.

छोटू: ताई, पण लोलापालूझा वर्षातून एकदाच असतो आणि तोही तुझ्या घराजवळ.

ताई: तोच माझा आक्षेप आहे, छोटू. जुलैअखेरीस त्या चार दिवसांसाठी ग्रँट पार्कचा मोठा भाग कुंपण घालून बंद होतो आणि दिवसाला लाखाच्या आसपास माणसे आत असतात. मिशिगन सरोवरालगतची ही जमीन सर्वांसाठी कायम मोकळी राहावी म्हणून माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने शहराशी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या होत्या. महापालिकेला उत्पन्न मिळते हे मान्य; तरी ऐन उन्हाळ्यात नागरिकांची बाग तिकीटवाल्यांच्या हवाली करणे मला पटत नाही. त्या दिवसांत शास्त्रीय संगीताचे कार्यक्रमही बहुधा शेजारच्या बंदिस्त हॅरिस थिएटरमध्ये न्यावे लागतात. जायचेच असेल, तर एका दिवसाचे तिकीट पुरे. मुंबईत 2023 पासून हाच महोत्सव महालक्ष्मी रेसकोर्सवर भरतो, तेथे तू मित्रांबरोबर जाऊ शकतोस.

काकू: बसायला चटई न्यावी की खुर्ची? आणि पावसाचे काय?

ताई: काकू, बुटक्या पायांची घडीची खुर्ची माझ्याकडे आहे, तुमच्या गुडघ्यांना तीच बरी. दिवसा उकाडा असला तरी सरोवराकडून वारा सुटला की गार वाटते, म्हणून शाल हवी. वीज कडाडू लागली तर मात्र तडक उठायचे. 2012 मध्ये वादळामुळे लोलापालूझाचे मैदानही रिकामे करावे लागले होते. एका संध्याकाळी शहराबाहेरच्या रॅव्हिनिया या संगीताच्या बागेतही जाऊ. तेथे 1904 पासून उन्हाळी कार्यक्रम होतात आणि मेट्रा या उपनगरी रेल्वेची गाडी थेट फाटकाशी थांबते. तिकीट मात्र काढावे लागते, आणि हिरवळीवर बऱ्याच ठिकाणांहून मंच दिसत नाही. लोक घडीचे टेबल मांडून, मेणबत्त्या लावून निवांत जेवतात. घरचे डबे नेता येतात, तेव्हा थालीपीठ न्यायला हरकत नाही.

नाना: उत्तम. मग बुधवार आणि शुक्रवार हिरवळीवर, एक संध्याकाळ रॅव्हिनियाला, आणि छोटूला एका दिवसाचे तिकीट. तालमींच्या वेळा तेवढ्या पाहून ठेव, ताई. काकूंना दुपारी झोपू देऊ आणि आपण दोघे जाऊ.