मिसिसिपी खोऱ्यातला गवत्या: राज्यागणिक नियम वेगळे, नदी एकच

तळेकाठ: अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या 28 राज्यांनी 1991 मध्ये नदीतल्या माशांसाठी ‘मिक्रा’ ही संयुक्त संस्था उभी केली. तरीही गवत्या, म्हणजे आपण शेततळ्यात सोडतो तोच ग्रास कार्प, काही राज्यांत जननक्षम चालतो, तर काहींत फक्त वांझ ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेला. मासा वांझ आहे हे ठरवतात कसं? आणि शेजारचं राज्य ढिलं असेल तर उपयोग काय?

बीजकेंद्र: फलित अंड्यांना पहिल्या काही मिनिटांतच जबर दाब देतात, म्हणजे गुणसूत्रांचा एक जादा संच आत राहतो. वेळ चुकली किंवा दाब कमी पडला, की त्याच घाण्यात जननक्षम पिल्लंही निघतात. म्हणून उत्पादकाला एकूण एक मासा तपासावा लागतो: थेंबभर रक्त घ्यायचं आणि कणमापक यंत्रात तांबड्या पेशींच्या केंद्रकाचं आकारमान बघायचं. ट्रिप्लॉइडचं केंद्रक मोठं असतं. मग केंद्र सरकारचा निरीक्षक त्याच लॉटमधले 120 मासे पुन्हा तपासून घेतो. एक जरी जननक्षम निघाला तरी लॉट नापास.

प्रवाह: ढिलाईचा फटका खालच्या राज्याला बसतो. गवत्या आणि चंदेऱ्याची (सिल्व्हर कार्प) अंडी प्रवाहाबरोबर वाहत राहिली तरच जगतात, संथ पाण्यात तळाशी बसून गाळात मरतात. उबायला साधारण एक-दोन दिवस लागतात, तोवर ती कित्येक किलोमीटर खाली गेलेली असतात. अंडी एका राज्यात, पिल्लं दुसऱ्यात. परवाना देणारा निस्तरत बसत नाही, हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

तळेकाठ: मग वन्यजीवांच्या व्यापार-वाहतुकीवरचा केंद्राचा लेसी कायदा कशाला आहे?

बीजकेंद्र: त्याच्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीत चंदेऱ्या आणि ब्लॅक कार्प 2007 मध्ये आले, बिगहेड कार्पला अमेरिकी संसदेने 2010 मध्ये कायदा करून घातलं. गवत्या त्या यादीत नाही. शिवाय 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की यादीतल्या प्राण्यांचीही मुख्य भूमीवरच्या एका राज्यातून दुसऱ्यात होणारी वाहतूक या यादीच्या कलमाने अडत नाही. उरतं ते लेसीचंच दुसरं कलम: ज्या राज्यात माल उतरतो तिथला कायदा मोडला तर केंद्रीय गुन्हा. म्हणजे त्या राज्याचा स्वतःचा नियमच कच्चा असेल तर पकडायला काही हातात राहत नाही. संयुक्त बैठकीत आधी राज्यांच्या याद्या आणि परवान्याच्या अटी जुळवून घ्याव्यात, गस्तीचं नंतर बघता येईल.